मावसाजींची सोयरीक

माझ्या मावसाजींइतकी माणसं कोड्यात पाडणारा गृहस्थ साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. अकोल्याला त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी हुशार पोरं जमत, कारण शाळेतली गणितं त्यांना पुरत नसत. मावसाजींना मात्र कोणीही चाले. तेल्याकडे गेले की तीन शेराचं आणि पाच शेराचं अशी दोनच मापं वापरून चार शेर तेल मोजून मागत. तेली ओतओत करत बसे, मागची गिऱ्हाइकं ओरडत, आणि घरी मावशी कोरडी कढई घेऊन वाट बघे. शब्दांच्या कोड्याला ते 'सोयरीक' म्हणत. "कापसाची सोयरीक सरकीशी, त चिंचेची कोनाशी, सांग?" "चिंचोक्याशी!" "अन् तुह्या बापाची?" पोरगं गोंधळलं की आधी स्वतःच हसत.

पुढे मी अमरावतीला नोकरीला लागलो. एका दुपारी मावसाजी थेट कचेरीत हजर. "बापू, एक सोयरीक हाये. तुह्याशिवाय सुटत नाई." भोवती सगळे ऐकत होते. मला लाज वाटली. मुद्दाम पुस्तकी मराठीत म्हणालो, "मावसाजी, मी काय आता शाळेत आहे? पोरांना घाला तुमच्या सोयरिकी." सगळे हसले. तेही हसले. "बराबर हाये, कामात दिसून राहिला तू," म्हणाले आणि टोपी सारखी करत मोटारस्टँडकडे गेले.

ती सोयरीक खरी होती. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, कुसुमला, आमच्याच कचेरीतल्या एका कारकुनाचं स्थळ आलं होतं. मुलगा कसा आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तो कसा आहे हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं? पगाराच्या संध्याकाळी त्याला दोघांनी धरून घरी न्यावं लागे. पत्रिका हातात पडली तेव्हा मला सगळं उलगडलं. तेव्हाही अकोल्याच्या मोटारी चालू होत्या. मी गेलो नाही. गेलो तो अक्षता टाकायलाच. हे आजवर कोणाशी बोललो नाही.

वर्षाच्या आत कुसुम माहेरी परतली. मी भेटायला गेलो. मावसाजींनी सरकून ओट्यावर जागा दिली. "शब्दायच्या सोयरिकी सोडल्या आता," म्हणाले. "पोरांले आकडेच देतो. आकडा चुकला त पुसता येते." मग माझ्याही हातात पाटी दिली आणि एक गणित सांगितलं. उत्तर मला लगेच आलं होतं. पण सांगायचं तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. म्हणून दिवे लागेपर्यंत मी खाली मान घालून उगाच लिहीत-पुसत राहिलो, आणि ते बाजूला बसून हळूच म्हणत राहिले, "कर बापू, घाई नाई."