पोस्टरखालची जाळी

पुस्तकांची गाडी घेऊन धुळ्याहून निघालो, तेव्हाच नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बजावलं होतं. "हिचं इन्सुलिन गार राहिलं तर ही गाडीत. नाही तर जिथे असू तिथून एसटीने घरी."

ही म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. आयुष्यभर लोकांच्या शेतात निंदणी केली, आणि यंदा पहिल्यांदाच ती आमच्यासोबत गावोगावच्या सभांत बोलायला निघाली होती. बाईला घरी बसवायला आधीच कारणं थोडी आहेत का, की त्यात एका फ्रिजची भर घालायची?

गाडी जुनी, आधीच्या मालकाने आत झोपण्या-रांधण्याची सोय केलेली. फ्रिज गॅसवर चालणारा. मागे छोटी ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेवर आतलं गार होतं. सांगितलं की लोक हसतात. पण पहिले काही दिवस तो चोख चालला.

नशिराबादला दुपारी फ्रिजचं दार उघडलं तर आत कोमट हवा. बाहेर डांबराला चप्पल चिकटत होती. गोळेवाल्याकडून बर्फ आणून थर्मासात भरला, कुप्या फडक्यात गुंडाळून वर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत निभलं असतं, पुढे नाही.

रस्त्यापलीकडचा फ्रिज दुरुस्त करणारा आला, वाकून बघून म्हणाला, "ताई, याला कॉम्प्रेसरच नाही."

"नसतोच."

"मग चालणार कसा?"

"काल चालत होता."

"मग कालच बोलवायचं ना," म्हणाला, आणि आमचा चहा पिऊन गेला.

मग मीच बसले. शेगडी लावून पाहिली, पेटली, म्हणजे सिलिंडर रिकामा नव्हता. खालचं झाकण काढलं. ज्योत निळी, सरळ. गाडी तिरपी असली की हा फ्रिज रुसतो, म्हणून आत ताटलीत पाणी ओतलं. पाणी एका कडेला धावलं. रस्त्याखाली उतरलेल्या चाकांपुढे चपटे दगड ठेवून नानांनी गाडी वर चढवली, ताटलीतलं पाणी समतल झालं. बराच वेळ थांबलो. आत तीच कोमट हवा.

"धुळ्याची गाडी लागलीय," नाना स्टँडकडे बघत म्हणाले.

आत्याने लुगड्यांच्या घड्या पिशवीत भरायला घेतल्या होत्या. "जाऊ दे वं बेटी, मी जास घर."

मी रागाने खाली उतरले आणि गाडीला टेकले. पाठ भाजली. ऊन दुसऱ्या बाजूला होतं, ही बाजू सावलीत. हात फिरवला तर तापलेला भाग नेमका फ्रिजच्या मागे, आणि त्यावर आमचंच पोस्टर, एका कोपऱ्यात तपकिरी पडलेलं.

आमच्या घरात मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. भिंत, खांब, टाकी, जिथे खळ चिकटेल तिथे पोस्टर लागतं. आदल्या सकाळी नानांनी गाडीची ही बाजूही भरून काढली होती. कागदाखाली बोटांना जाळी लागली. फ्रिजची गरम हवा बाहेर पडायची वाट तीच. ती बुजल्यावर बिचारा ज्योत जाळत बसला होता, गार कुठून होणार?

"नाना, हे काढावं लागेल."

"आपलं पोस्टर आपल्या हाताने फाडायचं नाही." याच नियमावर ते म्हातारे झालेत. पोस्टरं फाडणारे दुसरे असतात, आपण लावणारे.

"आजाऱ्याला औषध हा हक्क आहे, हे तुमच्याच पत्रकात मी वाचलं. ते फक्त भिंतींसाठी होतं का?"

तेवढ्यात आत्या ओलं फडकं घेऊन पायरी उतरली. "भाऊ, तू मशीनना नाकवर कागद चिटकाडा. तुना नाकवर चिटकाडू का?"

नाना हसले नाहीत. पण फडकं त्यांनीच घेतलं. कागद भिजवला, कडेने सुरी सरकवली आणि पोस्टर अख्खं सोडवलं. "फाडलं नाही," मला दाखवत म्हणाले. जाळीतून भट्टीसारखी वाफ त्यांच्या तोंडावर आली आणि ते मागे सरले.

धुळ्याची एसटी आमच्या समोरून गेली. कुणी हात केला नाही.

दिवस कलताना फ्रिजच्या आतल्या पत्र्याला बोट लावलं. गार होतं, ओलसर होतं. मी ओरडलेच. आत्याने स्वतः बोट लावून खात्री केली, थर्मासातल्या कुप्या एकेक पुसून आत मांडल्या आणि पिशवीतली लुगडी परत फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वरणगावच्या सभेत तिने माईक दोन्ही हातांनी धरला. बायांना मजुरी पुरुषांपेक्षा कमी का, इथून सुरुवात केली आणि थांबेचना. नानांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली. आत्याने ती न उघडता कमरेला खोचली आणि पुढच्या ओळीतल्या बायांना विचारलं, "अजून बोलू का?"

"बोल, अक्का," बाया म्हणाल्या.