खांद्यावरची फुली

यकृत पिकलेलं असताना माणूस खांदा धरून का कण्हतो, सांगू शकाल?

मला हा प्रश्न पडला तो परभणीच्या सरकारी दवाखान्यात, खाटेवर उताणा पडलेलो असताना. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या बाजूच्या दोन बरगड्यांमध्ये एक बोट दाबलं. मी कळवळलो. ते भोवतीच्या विद्यार्थ्यांना म्हणाले, "लिव्हर अ‍ॅबसेस." म्हणजे यकृतात पू धरणं.

तिथवर पोचायला बराच वेळ गेला होता. आधी पोट बिघडलं, आव पडली. ती थांबली, म्हणून मी विसरून गेलो. मग रोज दिवस कलला की थंडी वाजून ताप यायचा. उजव्या कुशीवर झोपता येईना, पाठोपाठ उजवा खांदा ठणकू लागला. जिंतूरपलीकडच्या आमच्या गावात असल्या दुखण्यावर पहिला इलाज बिब्बा. तापलेल्या सुईनं बिब्ब्याचं तेल काढायचं आणि दुखऱ्या जागी फुली मारायची. कातडी भाजते, काळा डाग राहतो. असल्या इलाजांविरुद्धची पत्रकं मी गावोगाव वाटत असे. पण तापात माणसाचं चालत नाही. आत्यानं माझ्या अंगावर फुल्या मारल्याच.

"पत्रकं वाटणाऱ्याला बी दुखतंयच की," ती म्हणाली.

जिंतूरला औषध द्यायला बसलेल्या कंपाउंडरनं ते डाग पाहिले आणि आत्याला सगळ्यांसमोर झापलं. "जनावर हाय का ते, डागायला?" हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या आणि वाटेला लावलं. नवाबी जाऊन लोकांचं राज्य आलं होतं, दवाखान्यातली दरडावणी जुनीच होती. ताप उतरला नाही. तेव्हा आत्यानं मला परभणीला आणलं, पण तिनं धडा घेतला होता. माझं अंग तिनं उपरण्यानं घट्ट लपेटलं.

"काई केलं का घरी?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"काई न्हाई, साहेब," आत्या म्हणाली. मीही गप्प राहिलो. तिला पुन्हा कुणी बोललेलं मला नको होतं. उपरणं उघडावं लागू नये म्हणून मी ताप आणि खांदा एवढंच सांगितलं, कुशीचं नाही.

त्यांनी हिवताप लिहिला, खांद्याला संधिवात लिहिला. दोन दुखणी, दोन औषधं. मी वाळत चाललो होतो.

त्याच सुमारास हैदराबादहून डॉक्टरकी शिकणारी मुलं-मुली खेड्यातले रोग पाहायला आली. पूर्वी हे शिक्षण उर्दूत व्हायचं, आता इंग्रजीत. ती मुलं दोन्हींमध्ये अडखळत. त्यांच्यासोबत आलेल्या, त्यांना शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा एक नियम होता. पुस्तकातला रोग सांगण्याआधी रोग्याच्या माणसाशी बोलायचं, त्यात रागवायचं नाही. माझी खाट रझिया नावाच्या मुलीच्या वाट्याला आली. ती आत्याजवळ जमिनीवर बसली.

"मावशी, बिब्बा लगाए क्या?"

आत्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"हमारे घर में भी लगाते. मेरे घुटने पे है."

"तुमच्यात बी?"

"दादी लगाई. मैं भागी, तो पकड़ के लगाई."

आत्या हसली. मग स्वतःच उठून तिनं उपरणं काढलं. "पैली ही, बरगडीखाली. मग म्हणाया लागला, खांदा ठणकायलाय. मग ही खांद्यावर. लय दिसांनी न्हाई, पाठोपाठच."

रझिया त्या फुल्यांकडे पाहत राहिली. दोन्ही डागांच्या खपल्या सारख्याच वाळलेल्या. दोन्ही ठणके एकाच दुखण्याचे, हे तिला उमगलं. ती धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली, आणि त्यांनी ते बोट दाबलं.

"किताब में लिव्हर और खांदा अलग पन्नों पे हैं," ते मुलांना म्हणाले. "आदमी में नै."

मग त्यांनी मला मराठीत समजावलं. यकृताच्या वर, छाती आणि पोट यांच्यामध्ये, मांसाचा एक पडदा असतो, डायफ्राम. त्याची नस मानेतून येते. खांद्याची नसही मानेत तिथूनच निघते. पडद्याला पुवाची झळ लागली की मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. मी त्यांना तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं. मरणाच्या दारात असताना मला एवढा आनंद का व्हावा, कळलं नाही. शाळेत मला माझ्याच अंगाबद्दल इतकं कुणी सांगितलं नव्हतं.

"आणखी थांबला असतात तर गळू छातीत किंवा पोटात फुटलं असतं," ते म्हणाले. आत्याला म्हणाले, "बाई, बिब्ब्यानं कातडी भाजते, आतला पू हटत नाही. पण तुम्ही खरं सांगितलंत."

जाड सुई बरगड्यांमधून आत गेली. काकवीसारखा तपकिरी पू निघाला. हा पू त्या जुन्या आवेच्या जंतूंनीच धरला होता, म्हणून पुढे ते मारणारी एमेटीनची इंजेक्शनं झाली. त्यानं हृदय थकतं, म्हणून उठायची बंदी होती. खांद्याचा ठणका मात्र सुई निघाली त्याच दिवशी ओसरला.

मी बिब्ब्याविरुद्ध आजही बोलतो. पण रोग्याला गप्प करणाऱ्या दरडावणीविरुद्ध त्याहून मोठ्यानं बोलतो, कारण बिब्ब्यानं माझी कातडी जळली आणि त्या गप्प बसण्यानं मी मेलो असतो.

म्हणून एक विनंती. घरचं माणूस दवाखान्यात न्याल तेव्हा ज्यानं बिब्बा घातला, झाडपाला बांधला, त्यालाच सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही मध्ये बोलू नका. त्याला बोलू द्या.