भुलीच्या डॉक्टरीणबाईंसमोर

बायकोला आठवा महिना लागला होता. तपासताना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांनी आम्हाला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. कळा सुरू होण्याआधीच बाईंनी बघून ठेवलेलं बरं, असं डॉक्टरांचं म्हणणं. आई भंडाऱ्याहून आली होती, तीही सोबत निघाली. तिला मी फक्त 'बीपीचं आहे' एवढंच सांगितलं.

खरं असं होतं की लहानपणीच्या सांधेतापाने बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली होती. लग्नाआधी तिने ते मला सांगितलं. आईने नकार दिला असता, म्हणून मी म्हणालो, आईला नंतर सांगू. चार वर्षं ते 'नंतर' आलं नाही.

त्या काळात मी कारखान्यात, प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला होतो. शिफ्ट बदलताना पुढचा माणूस विचारायचा, आपण 'सब नॉर्मल' म्हणायचं आणि सायकल काढायची. वेगळं काही बोललं की अर्धा तास तिथेच अडकलो. त्यामुळे बारीकसारीक गोष्टी आम्ही सगळेच गिळायचो.

डॉक्टरीणबाई जबलपूरकडच्या होत्या. त्यांनी बायकोला विचारलं, "सीधे लेटकर सो पाती हैं?"

"जी, सब नॉर्मल," मी म्हणालो.

"बचपन में कोई बीमारी?"

"नहीं."

"मैंने इनसे पूछा है." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बायकोला टेबलावर उताणं झोपायला लावलं. मिनिटभरात ती धडपडत उठून बसली. धाप लागली होती. ती तीन महिने भिंतीला टेकून, बसूनच झोपत होती, हे मला माहीत होतं.

श्वास जागेवर आल्यावर तिने सगळं सांगितलं, सांधेतापापासून. शेवटी म्हणाली, "इनको शादी से पहले बताया था."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग त्या फक्त तिच्याशीच बोलल्या: कळा सुरू झाल्या की लगेच यायचं, उताणं झोपवणार नाही, सलाइन जपून देऊ, भूल द्यावी लागलीच तर हळूहळू. मी 'नॉर्मल' म्हटलं होतं ते त्यांनी खरं धरलं असतं तर यातलं काहीच ठरलं नसतं.

आई स्टुलावर बसून ऐकत होती. आता ती सुनेला बोलणार, असं मला वाटलं. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे वळली.

"मले सांगतलं असतं त मी हिले बकेटा उचलू देल्या असत्या का रे?"

मरोद्याच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये नळाचं पाणी वर चढत नसे. आई आल्यापासून रोज सकाळी बायको खालून दोन मजले बादल्या आणत होती. सासूसमोर नवऱ्याने पाणी भरणं बरं दिसत नाही, असं मीच तिला म्हणालो होतो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. दोघी दवाखान्यातून घरी येईपर्यंत पाणी मीच भरत होतो, आणि आई दारात उभी राहून बघत होती.