चूक कुणाची, आधी लिहा

"ए, हिला बाजूला काढा आधी! हिच्यामुळं नारळ उभा राहिना."

वाड्यावरचे मालक सगळ्या गावासमोर असं म्हणाले. आमच्या खालच्या आळीला सरकारी बोअर मंजूर झाला होता. जागा दाखवायला त्यांनी चाकूरहून पाणाड्या आणलेला. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानात फिरत होता. खाली पाणी असलं की नारळ आपसूक उभा राहतो म्हणे.

मी तिथं उगा गेले नव्हते. तीन वर्षं दर पंधरा दिवसाला मी गावच्या विहिरींत दोरी सोडून पाणी मोजते, वहीत लिहिते. तालुक्याच्या हापिसानंच दिलेलं काम. मी एवढंच म्हणाले, "मालक, इकडच्या विहिरी संक्रांतीलाच आटतात. वढ्याकडंच्या टिकतात. वही बघा."

वहीला त्यांनी हात लावला न्हाई. विटाळ व्हईल ना! मला चिंचेखाली पिटाळलं. आन् मी हलल्याबरोबर नारळ उभा. कुठं? मालकाच्या उसाच्या बांधाला.

बोअर मारला. नुसता फुफाटा निघाला. मालक म्हणाले, "हिची सावली पडली. पाणी पळालं."

सांगायला लाज वाटते, पण मला ते खरं वाटलं. माझी लेक शाळा बुडवून लांबून घागरी आणायची आन् मी मनात म्हणायची, माझ्यामुळंच.

मग एक दिवस मोजताना दोरीवरची मापाची गाठ सरकली. आकडा चुकला. मी खोडला, परत मोजलं. तिथंच डोक्यात उजेड पडला. माझी दोरी चुकते, मी खोडते. ह्यांचा नारळ कधीच कसा चुकत न्हाई? पाणी लागलं तर नारळाचं नाव, न्हाई लागलं तर माझं. लई संताप आला. त्यांचा आला, त्याहून जास्त माझा मला आला.

आज दुसरा बोअर मारायचाय. तोच पाणाड्या, तोच बांध. "बाजूला हो," मालक म्हणाले. मी हलले न्हाई. रुमाल पुढं केला. "डोळे बांधून फिरवा ह्याला. नारळ परत तिथंच उभा राहिला तर वही विहिरीत टाकते."

पाणाड्या मालकाकडं बघाया लागला.

"हा श्रद्धेचा प्रश्न हाय," मालक.

"श्रद्धा तुमची. घागर माझ्या लेकीच्या डोक्यावर!"

बोअरच्या गाडीपुढं वही उघडून बसले हाय. इथं पाणी न्हाई लागलं तर चूक कुणाची, ते आधी लिहा. खाली सही करा. तवर मी उठत नसते.