दोन सूत आखूड

आगाशीच्या बाजारात काशिनाथचं सायकलीचं दुकान होतं आणि त्या दुकानात फूटपट्टी नव्हती. हरवली होती अशातला भाग नाही. त्याने ती कधी आणलीच नव्हती. "आकडा माणूस लिहितो आणि माणूस चुकतो. दोरी कशाला चुकेल?" असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं पंक्चरसाठी आलेलं असायचं.

हे वेड घरचंच. बागायतदाराच्या घरात दोन केळींमधलं अंतर असो की पानवेलीच्या मांडवाची उंची, माप निघायचं ते सोपटावर. केळीच्या खांबाचा ओला पापुद्रा सोलायचा, बोटभर रुंदीची पट्टी फाडायची, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या, झालं माप तयार. बाग भावांवर सोडून काशिनाथ सायकलीत शिरला, पण सोपट त्याने सोडलं नाही. धाकट्या भावाच्या लग्नातल्या कोटाचं मापही त्याने विरारच्या शिंप्याकडे सोपटावरच पाठवलं होतं. कोट आला तो काखेत आवळणारा. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव हात खाली सोडू शकत नव्हता, आणि सगळ्या आळीने शिंप्याचा उद्धार केला. काशिनाथने तर जरा जास्तच केला.

त्रेपन्न सालच्या भाऊबिजेला त्याच्या दुकानात एक मोडकी लेडीज सायकल आली. सायकल सत्यवतीची. सत्यवती ही त्याच आळीतल्या हरिश्चंद्रभाऊंची मुलगी, मॅट्रिक झालेली, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलेली, आणि दिवाळीची सुट्टी संपताच सोमवारी तुळिंजच्या शाळेत हजर व्हायचं होतं तिला. आगाशीहून तुळिंज म्हणजे बोळिंज, सोपारा करत रेल्वेचं फाटक ओलांडून पलीकडे. पायी जायचं तर शाळेची मधली सुट्टीच गाठायची. म्हणून जुनी सायकल घेतली होती, आणि बाजारात भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या सायकलीच्या मागच्या चाकावरून कुणाची तरी बैलगाडी गेली. रिमचा पापड, आऱ्यांची जाळी, मधल्या हबचे दोन तुकडे.

हरिश्चंद्रभाऊंना नोकरीच मुळात पसंत नव्हती. अडीच मणांचा तो देह दुकानाच्या फळीवर बसला तेव्हा फळी कुरकुरली. भाऊ म्हणाले, "देवानंच सांगितलं बघ, काशिनाथ. मुलगी एवढ्या लांब जायला नको. आता मी एवढंच म्हणतो, सोमवारी सकाळी हे चाक फिरलं तर माझी ना नाही. नाही फिरलं तर नेमणुकीचा कागद परत करायचा."

सत्यवतीने काशिनाथकडे पाहिलं. आता हे सांगून टाकलेलंच बरं: काशिनाथला सत्यवती आवडायची. दोन वर्षं आवडत होती. तिने सायकल घेतल्यापासून चेनला तो इतकं तेल घालायचा की तिची पातळं खराब व्हायची.

"भाऊ, सोमवारी फिरणार म्हणजे फिरणार," तो छाती काढून म्हणाला.

रिम त्याच्याकडे नवी होती. हबची अडचण होती. ती वसईच्या फेबियनने सोडवली. लढाई संपल्यावर लष्कराच्या भंगारातून त्याने काय काय जमवलं होतं, त्यातला एक हब त्याने आणून दिला. हब भक्कम, पण नेहमीच्यापेक्षा जाडा, चांगला लाडवाएवढा. आणि इथेच खरी गोम होती. काशिनाथने आजवर पन्नास चाकं बांधली होती, पण प्रत्येक वेळी जुना आरा काढायचा आणि त्याच्याच लांबीचे नवे घालायचे, एवढंच. हब बदलला की आऱ्याची लांबी बदलते. हा जाडा हब आणि ही रिम यांची जोडी जगात पहिल्यांदाच जमत होती. नमुन्याला आरा आणायचा कुठून?

शुक्रवारी संध्याकाळी त्याने अंगणात रिम आडवी ठेवली. आतून दोन आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून मध्य काढला आणि तिथे हब उभा केला. रिम विटांवर अशी उचलली की ती हबच्या बरोबर कमरेला यावी. मग तो पालथा पडून भोकं मोजायला लागला. आरा हबमधून सरळ रिमकडे जात नाही. तो तिरका निघतो आणि वाटेत शेजारचे चार आरे ओलांडतो, तेव्हा कुठे चाकाला जोर येतो. त्याने भोकावरून भोक मोजत नेमकी जागा गाठली, ओलं सोपट ताणलं आणि गाठ मारली.

तेवढ्यात सत्यवती आली. तिच्या हातात पाटी होती.

"काशिनाथ, मी हिशेबाने काढलंय. रिम साडेचोवीस, हबची भोकं सव्वादोन इंचांच्या वर्तुळात. एका अंगाला वीस भोकं, म्हणजे दर भोकाला अठरा अंश. चार ओलांडले की बहात्तर. लॉगटेबल बघून बघून डोळे दुखले माझे. उत्तर बारा इंच."

काशिनाथने सोपट तिच्या पाटीच्या लाकडी चौकटीवर ठेवलं. चौकट एक फुटी होती. गाठीला गाठ जुळली!

"बघ!" तो ओरडला.

"बघ!" तीही ओरडली.

दोघंही इतकी हरखली की काशिनाथच्या आईने चुलीपुढून उठून काय पेटलं ते पाहिलं.

"मग मुंबईहून आरे मागवायच्या चिठ्ठीवर बारा इंच लिहून दे," सत्यवती म्हणाली.

"चिठ्ठी कशाला? सोपट आहे ना."

"अरे, आकडा लिहायला काय जातं?"

"मास्तरीणबाई, तुमचा आकडा बरोबर निघाला कशावरून? माझ्या सोपटाशी जुळला म्हणून!" काशिनाथ ऐटीत म्हणाला. प्रेमात पडलेला माणूस किती गाढवपणा करतो याला काही सुमार नाही.

शनिवारी पहाटे आळीतली मथुरामावशी फुलांची टोपली घेऊन दादरला विकायला निघाली तेव्हा आऱ्यांच्या मापाचं सोपट तिच्याबरोबर गेलं. हरवू नये म्हणून तिने ते टोपलीच्या काठाला वरून लटकवलं, आणि ते वाटभर उन्हावाऱ्यात झुलत राहिलं. दुपारी ती चाळीस आऱ्यांचा जुडगा घेऊन परत आली.

रविवारी सकाळी काशिनाथ शीळ घालत चाक बांधायला बसला. आरे ओवून झाले. आऱ्यांची टोकं रिममध्ये आवळणाऱ्या निपल लावायची वेळ आली आणि शीळ थांबली. पहिला आरा निपलपर्यंत पोचला नाही. दुसरा पोचला नाही. त्याने पक्कडीने ओढून पाहिलं, गुडघा लावून पाहिलं, आऱ्याला राजा, सोन्या म्हणून पाहिलं. चाळीसच्या चाळीस आरे दोन सूत, म्हणजे पाव इंच आखूड!

तो तडक मथुरामावशीकडे गेला. "मावशी, दुकानदारानं फसवलं तुला!"

"मला?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, मला फसवनारा अजून जन्माला यायचाय! मी त्याला सांगितलं, जरा पन कमीजास्त नको. माज्या डोळ्यांसमोर तुजा सोपट लावून बघला त्याने. हा घे तुजा सोपट, आन बघ तूच."

काशिनाथने सोपट आऱ्याला लावलं. तंतोतंत. मग तेच सोपट रिम आणि हबच्या मध्ये ताणलं. दोन सूत कमी! त्याचं डोकं गरगरलं. आरे बरोबर, कारण ते सोपटाबरहुकूम होते. सोपट बरोबर, कारण सोपट चुकत नाही. हब लोखंडाचा गोळा, त्याला काय होणार? मग उरलं कोण? रिम! रिम वाढली होती! शुक्रवारी संध्याकाळी गारवा होता, आज ऊन होतं, लोखंड उन्हात फुगतं हे शाळेतसुद्धा शिकवतात.

काशिनाथने रिम उचलली आणि बागेतल्या पाण्याच्या टाकीत बुडवली. गार पाण्यात पंधरा मिनिटं. मग अर्धा तास. मध्ये घाम पुसायला वाकला तेव्हा खांद्यावर टाकलेलं सोपटही टाकीत पडलं. पडू दे म्हणाला. तासाभराने त्याने दोन्ही बाहेर काढलं, अंगणात मांडलं, सोपट ताणलं आणि त्याचे हात आभाळाला लागले. गाठीला गाठ!

"आक्रसली!" तो अंगणभर नाचायला लागला. "आई, रिम आक्रसली!"

सत्यवती फाटकातून आत आली तेव्हा तो ओल्या रिमभोवती फेर धरून नाचत होता. त्याने तिला उत्साहाने सगळं सांगितलं. फुगलेली रिम, गार पाणी, शास्त्र. बोलता बोलता त्याने एक आरा उचलून लावला. आरा दोन सूत आखूड.

सत्यवतीने त्याच्या हातातलं सोपट घेतलं. ते ओलं, गुबगुबीत झालं होतं. मग कोपऱ्यात पडलेलं एक वाळकं, सुरकुतलेलं सोपट तिने उचललं. एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग तिला हसू फुटलं. ती हसत हसत खाली बसली, बसल्या बसल्या कलंडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काशिनाथ," तिला धड बोलता येईना, "तू रिमला... रिमला आंघोळ घातलीस?"

ओलं सोपट वाळलं की आखडतं. ज्याचं सगळं आयुष्य केळीत गेलं त्याला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? ठाऊक होतं. पण मापाच्या सोपटालाही तोच नियम लागू होतो, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. भावाचा आवळलेला कोट त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि कानांपर्यंत लाल होऊन तोही हसत सुटला. तिचं ते हसणं पुन्हा ऐकायला मिळणार असेल तर आगाशीतल्या सगळ्या रिमा टाकीत बुडवायची त्याची तयारी होती. पुढच्या वैशाखात त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा आळीत कुणालाच नवल वाटलं नाही, याचं कारण त्या दुपारी कुंपणापलीकडून निम्मी आळी बघत होती.

हसू ओसरलं आणि सोमवार आठवला. दुपारचे दोन वाजले होते. आता मुंबईला माणूस पाठवून उपयोग नव्हता. सत्यवतीचा चेहरा उतरला.

"तुझा आकडा खरा होता," काशिनाथ म्हणाला. "मी लिहू दिला नाही. चूक माझी."

"ते राहू दे. आरे किती आहेत आता?"

"पावणेबारा."

तो चाकाकडे बघत राहिला. आरा जितका तिरका, तितका लांब लागतो. मग कमी तिरका केला तर? "सत्यवती," तो हळूच म्हणाला, "चारऐवजी तीनच ओलांडले तर?"

तिने पाटी ओढली. बहात्तरचे चोपन्न अंश झाले. लॉगटेबलावर बोट फिरलं, खडू मोडला, दुसरा आला. काशिनाथ श्वास रोखून बसला होता.

"पावणेबारा!" ती किंचाळली. "अर्ध्या सुताहूनही कमी फरक!"

दिवेलागणीच्या आत चाक बांधून, त्याचा डोल म्हणजे आउट काढून तयार होतं. वाऱ्यावर फिरवलं तर केसभरही डुलत नव्हतं.

पण बाजारात बातमी आधीच पोचली होती. सोमवारी सकाळी हरिश्चंद्रभाऊ कोट, टोपी घालून दुकानापुढे हजर. "चाराच्या जागी तीनच, असं ऐकतो मी. माझ्या मुलीखाली हे चाक बसलं तर? मी आधी बसून बघणार."

"भाऊ, तुम्ही?" सत्यवतीने कपाळाला हात लावला.

भाऊ कॅरिअरवर बसले. पाय दोन्हीकडे फाकलेले, धोतराचा सोगा हातात. सत्यवतीने पेडल दाबलं, काशिनाथने मागून सगळा जीव लावून ढकललं, आणि ती वरात निघाली. मासळीवाल्या उठून उभ्या राहिल्या. सायकल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, मग हळूहळू सरळ. काशिनाथ हातात पान्हा घेऊन मागे पळत होता आणि कान लावून ऐकत होता. एकही आरा करकरत नव्हता! त्याला वाटलं, आपण उडतोय.

"अगं, हळू! नाही, थांबू नको! हे काय, वळणावरही घे की जोरात!" भाऊंना वारा लागला होता. टोपी केव्हाच उडाली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बोळिंजचा वड आला तेव्हा कुठे ते भानावर येऊन उतरले. सत्यवती घामाघूम, एक पाय टेकून वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली.

भाऊंनी वाकून चाक पाहिलं. एक आरा दाबला, मग दुसरा. "माझ्या वजनाला टिकलं," ते म्हणाले. "उभी काय राहिलीस? पहिल्याच दिवशी उशीर करतेस? नीघ."

ती निघाली. सोपाऱ्याच्या रस्त्यावर तिचं निळं पातळ लहान लहान होत गेलं, आणि दोघं वडाखाली धापा टाकत बघत राहिले.

"काशिनाथ," भाऊ म्हणाले, "ती मागे वळून बघत नाहीये रे."

"सायकलवर मागे बघायचं नसतं, भाऊ. तोल जातो."

"असं होय." भाऊंनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "मग नकोच बघू दे."