नाव बापाचं, बिऱ्हाड आईकडे

घटस्फोटानंतरच्या पहिल्याच वर्षी मी ऑनलाइन टॅक्स फाइल केला आणि रिटर्न तासाभरात नामंजूर होऊन परत आलं. मुलीच्या नावावर मिळणारी सूट म्हणे आधीच कुणीतरी घेतली होती. कुणी, ते विचारायलाच नको. तिच्या बापाला पहिल्या दिवशी पहिल्या नंबरानं रिटर्न भरायची भारी हौस. मुलीच्या वाढदिवसाला मात्र हा माणूस केक कापून झाल्यावर उगवायचा.

मी फोन केला. "अरे, ती माझ्याकडे राहते ना?"

"राहू दे की. नाव कुणाचं लावते? मधलं नाव माझं, आडनाव माझं."

घ्या! इतकी वर्षं ओहायोत काढली, सिटिझनशिपच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क, आणि डोक्यात अजून शाळेचा दाखला. इथल्या सरकारला मधल्या नावाशी काय घेणं? मूल वर्षातल्या जास्त रात्री ज्याच्या घरी झोपतं, सूट त्याची. त्यानं सही करून दुसऱ्याला दिली तर गोष्ट वेगळी. मी कसलीही सही केली नव्हती, करणारही नव्हते. त्या पैशांतून मुलीच्या दातांना ब्रेसेस लावायच्या होत्या.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, एका काकांनी मला बाजूला घेतलं. "जाऊ दे गं, बाप आहे शेवटी." हातात श्रीखंडाची वाटी, तोंडात उपदेश. म्हटलं, "मग तुमचा रिफंड मला द्या ना, तुम्ही काका आहात शेवटी." तेव्हापासून ते माझ्याशी फक्त बर्फाबद्दल बोलतात.

ऑनलाइन घेत नव्हते, म्हणून मी हट्टानं कागदावर रिटर्न भरून पाठवलं. काही महिन्यांनी दोघांनाही टॅक्स खात्याचं पत्र आलं: मूल तुमच्याकडे राहतं याचा पुरावा द्या. त्याच संध्याकाळी त्याचा फोन. माझे हात कणकेत, म्हणून स्पीकरवर टाकला.

"अगं, तिच्या शाळेचं पूर्ण नाव काय? आणि डॉक्टर कोण तिचा? त्यांच्याकडून लेटर लागेल."

मला हसूच आवरेना. माझ्याविरुद्धचा पुरावा हा पठ्ठ्या माझ्याकडेच मागत होता, शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी तसा! काही न सांगता फोन ठेवला.

मुलगी समोरच होमवर्क करत बसली होती. "आई, तू जिंकलीस तर बाबा मॅड होईल?"

"होऊ दे."

"मग तो सॅटरडेला मला न्यायला येणार नाही." पेन्सिल कुरतडत ती म्हणाली, "लेट हिम विन ना. आय डोन्ट नीड ब्रेसेस."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. असा संताप आला, की पोळ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून पत्र घेतलं, पाठवून दिलं आणि त्याला फोन केला. "सूट मी घेतेय. शनिवारी तू तिला न्यायला यायचंस. ती काल म्हणत होती, तिला ब्रेसेस नकोत."

"बरं झालं की," तो म्हणाला, "पैसे वाचले."