जोगव्याचं तिसरं दार

माझ्या सुमीची वाचा गेली तेव्हा मी देवीशी चांगली कडाकडा भांडले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको, की बाई मुळातच मोठी भाविक होती म्हणून तिला अनुभव आला. मी दिवा लावायची, हात जोडायची आणि कामाला लागायची, एवढीच माझी भक्ती. दारव्ह्याला आमच्या ह्यांचं सायकलचं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर, घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची सुमी. तिच्या बडबडीनं घर नुसतं भरून जायचं. सकाळी डोळा उघडला की टकळी सुरू. कावळा काहून ओरडते, चाकात हवा कुठून येते, आजीचे दात कुठी गेले. कधी कधी मीच वैतागून म्हणायची, "चूप बस वं माय, कान किटले माहे."

पावसाळा सरता सरता तिला विषमज्वर झाला. ताप उतरता उतरेना. शेवटी उतरला, पोर वाचली, आम्ही आळीत साखर वाटली. हळूहळू तिच्या अंगात ताकद आली, ती चालायला लागली, जेवायला लागली, पण बोलेना. तहान लागली की माठाकडं बोट दाखवायची. पडली, गुडघा फुटला, तर तोंड उघडून रडायची आणि आवाज नाही. ते रडणं मला पाहवत नसे. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांनी घसा पाहिला, जीभ पाहिली आणि म्हणाले, घशात काही दोष नाही, ताप डोक्यात गेला होता. वाचा परत येईलही, नाहीही येणार, वाट पाहा. वाट पाहा म्हणायला काय जातं हो! पुढच्या साली तिला शाळेत घालायची होती. ही पोर आता जन्मभर मुकी राहणार का, हा एकच प्रश्न उठता-बसता माझ्या मानगुटीवर बसला होता.

एका सकाळी दिवा लावता लावता माझा तोल गेला. देवीच्या तसबिरीपुढं उभी राहून मी म्हटलं, "तुला वाचाच न्यायची होती तर माझी न्यायची होतीस! माझं तोंड बंद झालं असतं तर साऱ्या आळीनं पेढे वाटले असते. लेकराचं काय घेतलंस?" सासूबाई मागं बसून वाती वळत होत्या. त्यांचं माहेर माहूरच्या वाटेवरचं, रेणुकामाय त्यांची कुलस्वामिनी. मला वाटलं आता रागावतील. पण वात वळता वळताच त्या म्हणाल्या, "भांडून झालं असन तर आता मांग."

"काय मांगू, आत्याबाई?"

"जोगवा."

हातात परडी घेऊन देवीच्या नावानं पाच दारी मागायचं, मिळालेल्या पैशातून ओटीचं सामान घ्यायचं आणि माहूरचा गड चढायचा, असा तो रिवाज. मी म्हटलं, "पोरगी बोलू दे, मग मागते. तसा नवसच बोलते." तर त्या म्हणाल्या, "तो तं सौदा झाला. आधी पदर पसर, मंग तिची मर्जी." त्यांचे गुडघे गेलेले, आणि मागायचं ते आईनंच, असं त्यांचं ठाम मत. नियमही त्यांनीच सांगितले. देतील ते घ्यायचं, कमी-जास्त म्हणायचं नाही, आणि एकदा दारात उभं राहिलं की आपण होऊन फिरायचं नाही. हो म्हणो की नाही म्हणो, समोरच्याचा शब्द ऐकूनच पाऊल उचलायचं.

आता माझी पंचाईत काय होती, ते ऐका. दुकानासमोरच्या रस्त्यानं मागणाऱ्यांची सारखी ये-जा असायची. कोणी आंधळा, कोणी गोसावी, कोणी लेकुरवाळी. आमचे हे भिडस्त, हात लगेच गल्ल्याकडं जायचा. मी मात्र मागच्या दारातून मान काढून विचारायची, "हातपाय धड आहेत ना बापा? मग लाकडं फोड अन् जेवून जा." काही जण खरंच फोडायचे, बाकीचे माझ्या नावानं बोटं मोडत जायचे. साऱ्या दारव्ह्याला माझा हा खाक्या ठाऊक. आणि त्याच गावात मी परडी घेऊन दारोदार फिरणार? मेले तरी नाही! म्हणून मी शक्कल काढली. जवळच्या बोरी गावाला जायचं. तिथं मला ओळखतंय कोण?

थंडीचे दिवस होते. शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं सुमीला घेऊन मी बोरीला उतरले. ह्यांच्या दुकानात येणारं एखादं गिऱ्हाईक भेटेल या धास्तीनं बाजाराचा रस्ता सोडला आणि मागच्या पांदणीनं गावात शिरले. पदराखाली परडी, गळ्यात सासूबाईंची कवड्यांची माळ. पहिल्या दारी एक बाई तुरी पाखडत होती. मी डोळे मिटले आणि एका दमात "आई राजा उदो उदो, जोगवा द्या माय" म्हणून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं, ओंजळभर ज्वारी आणि एक नाणं परडीत घातलं आणि सुमीच्या कपाळाला कुंकू लावलं. झालंसुद्धा! मला वाटलं, हे तर सोपं आहे. ते शब्द म्हटले की मागणारी मी नसतेच, देवीच मागते. माझं काय जातंय?

दुसऱ्या दारी ओट्यावर एक म्हातारबुवा ऊन खात बसले होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हातपाय तं धड दिसते बाई तुहे. शेतात कापूस वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या. कामाले काहून नाही जात?" शब्दन् शब्द माझाच! रस्त्यात बसून हसावं की रडावं, कळेना. देवीनं बरोबर हिशेब ठेवला होता. मी मान खाली घालून "बरं बाबा" म्हटलं आणि पुढं निघाले. पण माझ्यातलं अवसान गेलं ते गेलंच. सुमीचं बोट धरून मी गावाच्या कडेकडेनं चालत राहिले आणि एका स्वच्छ सारवलेल्या अंगणापाशी थांबले.

दारात माझ्याहून थोडी मोठी एक बाई भाकरीचं पीठ मळता मळता उठून आली होती, हात पिठानं भरलेले. मी माझे शब्द म्हटले. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, चुकीच्या घरी आली तू. परसाली दसऱ्याले आमी नागपूरले दीक्षा घ्याले गेलतो. तवापासून देवदेवी सोडलं आमी. देवीच्या नावानं आमी काही देत नाही." मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवर भगवान बुद्धाची तसबीर होती, पुढं ताजी फुलं. गावाची माहिती नसल्यानं मी बौद्धांच्या वस्तीत येऊन जोगवा मागत होते. ओळखीचा गाव टाळायला गेले, त्याचं हे फळ. कान तापले माझे. चला, नकार मिळाला, आता निघता येईल, असं म्हणून मी पाय उचलणार, तोच ती म्हणाली, "थांब. मी देत नाही असं नाही म्हटलं. देवीच्या नावानं देत नाही म्हटलं. तुले काही पाह्यजे असन तं तुह्या तोंडानं मांग. काय झालं, कायले फिरून राह्यली लेकरू घेऊन?"

आता फिरताही येईना. तिचा शब्द अजून पुरा व्हायचा होता आणि त्याआधी मागायचं होतं ते माझ्याच तोंडानं. मी तोंड उघडलं. सांगायचं तरी किती सोपं होतं! पोर बोलत नाही, मदत करा. पण देवीचं नाव काढून घेतल्यावर माझ्याजवळ आडोसाच उरला नाही. सायकलवाल्याची बायको, जिच्या तोंडाचा पट्टा गावभर प्रसिद्ध, ती मी परक्या दारात उभी राहून नुसती ओठ हलवत होते. घशातून आवाज फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.  ती बाई पिठाचे हात तसेच धरून वाट पाहत राहिली.  मनातल्या मनात मी म्हटलं, माय, मी हरले. आता तुला जे करायचं ते कर.

माझ्या पदराला हिसका बसला. सुमी माझ्यापुढं येऊन उभी राहिली होती. तिनं त्या बाईकडं मान वर करून पाहिलं आणि बसक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मायले दे."

मी मटकन खाली बसले. तिला छातीशी धरून विचारलं, "काय म्हणाली? पुन्हा म्हण माय, पुन्हा म्हण!" तर माझ्या गालावरचं पाणी पुसत ती म्हणाली, "रडू नको ना." मग मी अशी ओरडून रडले, की शेजारपाजारच्या बाया धावून आल्या. सगळी हकीगत त्या बाईला तेव्हा कळली, कारण आता माझ्या तोंडाला खळ नव्हता. तिनं आम्हाला आत नेलं. गरम भाकरी आणि तिखटजाळ पिठलं वाढलं. "खाशीन ना आमच्या घरचं?" असं तिनं एकदाच विचारलं. मी एक घास सुमीच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्या. तसलं अन्न मी पुन्हा कधी जेवले नाही. निघताना तिनं फळीवरच्या डब्यातून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे तुले आहे, देवीले नाही. तू काय करशीन ते तुह्यं तू पाह्य."

राहिलेली दोन दारं मी कशी मागितली, आठवतही नाही. सुमीच पुढं पुढं धावत होती. पुढच्याच शुक्रवारी आम्ही माहूरला गेलो, सासूबाईंना डोलीतून वर नेलं. मिळालेल्या पैशातून खणा-नारळाची ओटी घेतली, पण बोरीच्या बाईचं ते नाणं त्यात मिसळायला मन होईना. तिनं देवीला दिलंच नव्हतं, मग ते देवीपुढं ठेवून मी तिचा शब्द कसा मोडू? पायऱ्यांवर मागणाऱ्यांची रांग बसली होती. सुमीनं एका म्हातारीकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "हिले दे." मी दिलं. लाकडं फोड म्हटलं नाही. हातपाय पाहिले नाहीत. ती आशीर्वाद पुटपुटली आणि ओटी न भरताच मला दर्शन झाल्यासारखं वाटलं. वर गेल्यावर देवीकडं पाहून भांडायला एकही शब्द सुचला नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाय धर आता, पाह्यत काय बसली?"

परतताना मी पुड्यात तांबूल बांधून घेतला आणि थेट बोरीला गेले, त्या बाईला माहूरचा प्रसाद द्यायला. आनंदाच्या भरात तिचं म्हणणं मी पुन्हा विसरले होते बघा! तिनं पुडा पाहून हात मागं घेतला. "राग नको मानू बाई, परसाद नको मले." मी ओशाळले. विचारलं, "मग तुला देऊ तरी काय?" ती म्हणाली, "तुही पोरगी दे घडीभर. बोलू दे तिले माह्यासंगं." सुमी तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिची टकळी सुरू झाली. गड केवढा उंच, आजी डोलीत कशी डुलत होती, माकडानं नारळ कसा पळवला. ती बाई हुंकार देत ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "अन् माह्यं नाणं कुठी गेलं वं?"

"पायरीवरच्या बुढीले देलं," सुमी म्हणाली.

त्या बाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "मंग बराबर पोचलं," ती म्हणाली.

आज सुमी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाते आणि बडबडीपायी मास्तरांची बोलणी खाते. तक्रार घरी आली की मला काय आनंद होतो, ते मास्तरांना कसं सांगू! दर वर्षी थंडीत आम्ही बोरीला जातो. प्रसाद नेत नाही, पोरीला नेतो. ते देवीनं केलं की त्या बाईच्या थांबण्यानं झालं, हा वाद मी मनाशीही घालत नाही. मी शब्दांनी भांडले तेव्हा काही मिळालं नाही. शब्द संपले तेव्हा मिळालं, एवढंच मला कळतं. रस्त्यावर कोणी हात पुढं केला की मी आधी त्याच्या तोंडाकडं पाहते. बिचाऱ्याचा आवाज फुटत नसेल तर सुमीला सांगावं लागत नाही. ती दुकानातून ओरडतेच, "माय, दे ना त्याले!" आणि मी देते.